चादरीखालचा हात

राजनंदिनीच्या पत्राला जोतीरामअण्णांनी उत्तर दिलं नव्हतं, कारण त्यांना उत्तरच ठाऊक नव्हतं. अण्णा फोनवर नुसते हं-हं करतात, म्हणून पुतणीनं पुण्याहून मुद्दाम पत्र धाडलं होतं. तिनं लिहिलं होतं: बाबांना दवाखान्यात काय टोचलं, ते तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तर पुण्याला हलवते.

तिचे बाबा, म्हणजे अण्णांचा धाकटा भाऊ हंबीरराव. एकेकाळी तालमीत नाव काढलेला पैलवान. न्यूमोनिया अंगभर भिनला, काही आठवडे यंत्रानं श्वास दिला, आणि घशातली नळी निघाली तेव्हा हातपाय चिंधीसारखे. घरच्यांचा संशय झोपेसाठी दिलेल्या दुधासारख्या पांढऱ्या इंजेक्शनवर. अण्णाही बाटल्यांवरची नावं चोरून वाचत. विचारायचं मात्र धाडस नव्हतं.

एक गोष्ट फारच खटके. भेटीच्या वेळी डॉक्टर नसरीन येत, हात उचला म्हणत, आणि हात चांगला वर येई. त्या गेल्या की तोच हात मेल्यागत. घटकाभर ताकद आणणारं काही देतात की काय?

त्या दिवशी अण्णा मुद्दाम पलंगाच्या पलीकडे उभे राहिले. हात वर आला. चादरीखाली कोपराला भावजयीचा, चिमणाबाईचा तळवा होता.

डॉक्टर खूश झाल्या. उद्या अतिदक्षता विभागातून साध्या वॉर्डात हलवू, म्हणाल्या.

अण्णा पुढं झाले. "डॉक्टर, तो जोर त्याचा नाही."

चिमणाबाई उसळली. "मग काय, पैलवानाचा हात पडल्याला बघायचा व्हय लोकांनी? तालमीतली माणसं रोज येत्यात की, अण्णा."

हंबीररावानं डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी चादर काढली, एकेक सांधा तपासला, खोकायला लावलं. खोकला फुसका. वॉर्डात हलवणं रद्द झालं. त्या पांढऱ्या इंजेक्शनाचं अण्णांनी शेवटी विचारलंच. एका इंजेक्शनानं असं होत नाही, डॉक्टर म्हणाल्या. आजार अंगभर पसरला आणि माणूस बरेच दिवस निपचित पडला की नसा आणि स्नायू दोन्ही दुबळे होतात, श्वासाचेसुद्धा. आत्ता हलवणं धोक्याचं. ताकद येईल, पण महिने लागतील, सगळी येईलच असं नाही.

"मग आधी का नाही सांगितलं?" अण्णांनी विचारलं.

"ताईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, आमचा माणूस उचलतोय की."

चिमणाबाईनं मान खाली घातली. तरी अण्णांचा संशय पुरता फिटला नाही. घरी येऊन त्यांनी दोन कागद फाडले, तिसऱ्यावर लिहिलं: 'बाबाला हलवू नकोस. टोचून काही केलेलं मला तरी दिसत नाही. ताकद गेली आहे, आणि ती आपणच झाकत होतो. मी चुकत असेन, म्हणून तू ये, स्वतः विचार.'

शाहूपुरीच्या पोस्टात पाकीट परत मागावंसं वाटलं. तोवर खिडकीतल्या बाईंनी शिक्का मारला होता.