जिन्यावरची अकरा भोकं

भोक दिसलं की बुजवायचं, हा मिस्तरीचा चाळीस वर्षांचा धर्म. म्हणून लेकीने नव्या वाचनालयाच्या नकाशात जिन्याच्या वर, छताला लागून अकरा भोकं काढली, तेव्हा त्याला ते अजिबात पटलं नाही. पोर शिकून इमारतींचे नकाशे काढायला लागली, कौतुकच आहे. पण पाऊस काही नकाशा बघून पडत नाही. जुन्या वाचनालयाचं छत गळलं, तेव्हा फुगलेली पुस्तकं त्यानेच पाट्या भरभरून बाहेर काढली होती. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नव्हतं. लेक आठ दिवस परगावी गेली आणि मिस्तरीने लाकडी जाळ्यांमागे पातळ विटा लावून अकराही भोकं बंद करून टाकली. खालून कुणाला काही दिसेना. देवाला दिसलं असेल, पण तो तेव्हा गप्प बसला.

आता मात्र सव्याज परीक्षा चालली होती. वाचनालय छतावरच्या सोलर पॅनेलवरच चालेल, असा लेकीचा शब्द होता. वाचनालयाच्या समितीने बाहेरून येणारी विजेची तार काढली आणि तीन दिवसांची मुदत दिली. एक दिवस तरी रात्री आठ वाजेपर्यंत दिवे-पंखे टिकले पाहिजेत. नाहीतर बाहेरची लाइन घ्यायची, एसी बसवायचे आणि नकाशा गुंडाळून ठेवायचा. पहिल्या दिवशी संध्याकाळी पावणेसातला सगळं बंद पडलं. दुसऱ्या दिवशी साडेसहाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता वायरमन कपाळ पुसत म्हणाला, "ताई, बॅटरी ठणठणीत आहे, पॅनेलही. पण पंखे सकाळपासून पाचावर. कमी करायला गेलो तर माणसं अंगावर येतात."

"गरम हवा वरून निघून जायला हवी होती." लेकीचा डबा सकाळपासून तसाच होता. "माझंच गणित चुकलं."

समितीचे अध्यक्ष, निवृत्त मास्तर, वर्तमानपत्राने वारा घेत होते. "वाईट वाटून घेऊ नकोस, पोरी. कागदावर सगळंच थंडगार असतं."

जिन्यावर बसलेल्या मिस्तरीने ते ऐकलं. जिच्या गणिताच्या गप्पा त्याने गल्लीभर मारल्या, ती आपल्या बरोबर गणितात चूक शोधत बसली होती. त्याने मनात देवाचं नाव घेतलं आणि उठला.

"मास्तर, गणित बरोबर आहे. भोकं मी बुजवलीत."

"कुठली भोकं?"

"अकराच्या अकरा. पाऊस आत येईल म्हणून."

लेकीने वर बोट दाखवलं. "बाबा, त्यासाठीच वर दोन फुटांचा छज्जा आहे. तुम्हीच बांधलात."

"बांधला. मला वाटलं, शोभेला आहे."

वायरमनने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"मला विचारायचं तरी."

"तू नाही म्हणाली असतीस."

"मग?"

"मग ऐकावं लागलं असतं."

लेकीच्या ओठाचा कोपरा हलला, पण ती हसली नाही. "शिडी कुठंय?" एवढंच म्हणाली.

मिस्तरी छिन्नी-हातोडी घेऊन चढला. लेकीने खालून शिडी धरली. पहिली वीट निघाली आणि त्याच्या कानाजवळून गरम हवा अशी सुटली, जणू कधीची दाराशी ताटकळली होती. स्वतःची भिंत फोडताना हात जड होईल असं त्याला वाटलं होतं. उलट चौथ्या भोकापासून हात हलका झाला. सातव्याला खिडकीतून वाऱ्याची झुळूक आत आली. अकरावं मोकळं होईतो चार वाजले होते.

"अरे, पंखा कमी कर," मास्तर वैतागून म्हणाले. "पान उडतंय माझं."

वायरमनने पंखे दोनावर आणले. कुणी अंगावर आलं नाही.

साडेसहा झाले, पावणेसात झाले. दिवे जळतच होते. आठाचे ठोके पडले तेव्हा बॅटरीत अजून जीव होता, आणि मास्तर हातातल्या पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, "थांबा रे, एवढं प्रकरण संपू दे."

लेकीने डबा उघडला आणि अर्धी भाजी-पोळी बापापुढे सरकवली. मिस्तरीचं लक्ष वरच होतं.

"छज्जा अडीच फुटांचा केला तर?"

"बाबा."

"विचारतोय फक्त," मिस्तरी म्हणाला, आणि घास घेतला.