रविवारची भाजी

धम्मरत्नने बस रस्त्याच्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून त्यांवर कपाळ टेकवलं. इंद्रायणीचा पूल अजून अर्ध्या किलोमीटरवर होता. आधी रस्त्यावरचे दिवे त्याच्या डोळ्यांपुढे विरघळले होते, मग समोरच्या ट्रकचे लाल दिवे. तेवढ्यात पाय आपसूक ब्रेकवर गेला म्हणून बरं. मागे अडतीस माणसं होती, पहिल्या शिफ्टची, आणि त्यातली बहुतेक झोपेत होती.

सगळ्यांत आधी उठून आली ती पुढच्या सीटवरची तेजस्विनी. ती कंपनीत क्वालिटीला होती आणि तीन वर्षं त्याच सीटवर बसत होती. टायर गेला का, असं तिने विचारलं. मग त्याच्या मानेवरचा घाम तिला दिसला आणि तिने आपली पाण्याची बाटली पुढे केली. त्याने बाटली हातात घेतली, पण झाकण उघडलं नाही. पाण्याचीही त्याला भीती वाटत होती.

हे चार वर्षांपासून चाललं होतं. पोटात कळ आली की त्याच्या हातात पाच-सात मिनिटं असायची, जास्त नाही. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या, दुर्बीण घालून झाली. कुठे जखम नाही, गाठ नाही. आतडं चिडखोर झालंय, डॉक्टर म्हणाले, याने जीव जाणार नाही, पण जपावं लागेल. ज्या आजाराने जीव जात नाही तो लोकांना सांगायचा कसा, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. पहिल्या वर्षी त्याने चाकणच्या अलीकडे दोनदा बस थांबवली आणि टायर बघून येतो म्हणत भिंतीआड पळाला. तिसऱ्यांदा पुढे-मागे कंटेनर होते आणि थांबायला जागाच मिळाली नाही. त्या दिवशी कंपनीच्या पार्किंगमध्ये सगळे उतरून गेल्यावर त्याने बस धुवायच्या नळाखाली पँट धुतली आणि दुपारी तीनपर्यंत ती ओलीच अंगावर ठेवली.

तेव्हापासून त्याने खाणं कमी केलं. आधी कांदा-लसूण सोडला, मग कोबी, फ्लॉवर, गवार. नंतर त्याची भीती भाजीभाजीत फरक करेनाशी झाली आणि ताटात फक्त ताकभात उरला. तोही ड्युटी संपल्यावर दुपारी, एकदाच. बहात्तर किलोचा माणूस सत्तावनवर आला. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. भाज्या सोडून चालणार नाही, डॉक्टरांनी बजावलं. एकेक करून, थोडी थोडी, नीट शिजवून खायची, कुणाला काय सोसेल ते प्रत्येकाचं वेगळं असतं. पण खायची कधी? सोमवार ते शनिवार बस होती.

म्हणून आम्रपालीने, त्याच्या बायकोने, रविवार ठरवला. दर रविवारी एक भाजी. साल काढायची, बिया काढायच्या, मऊ शिजवायची, जिऱ्याची नुसती फोडणी, आणि दोन चमचे त्याच्या ताटात. मग संध्याकाळपर्यंत घरातून कुणी बाहेर पडायचं नाही. कुणाच्या बारशाला नाही, विहारात नाही. दोडका सोसला. गाजर सोसलं. पालकाच्या दिवशी तो चार वेळा पळाला, पण त्या सकाळी बसमालक दादासाहेबांचा ड्युटीबद्दल फोनही आला होता; पालकाने झालं की फोनने, कळायला मार्ग नव्हता. आणि जी भाजी सोसली तीसुद्धा पुन्हा पुढच्या रविवारीच. आठवड्याला दोन चमचे भाजीवर माणूस जगतो का, असं आम्रपाली एकदा म्हणाली होती. त्याच्याकडे न बघता, दोडक्याच्या शिरा काढता काढता.

"दादा, चक्कर येतीये का?" तेजस्विनीने विचारलं.

"काल दुपारपासून काही खाल्लं नाही."

"उपास आहे?"

हो म्हणता आलं असतं. दोन वर्षं तो हेच सांगत आला होता. पण बसमध्ये आता दिवे लागले होते, माणसं उभी राहून पुढे बघत होती, आणि त्या विरघळलेल्या लाल दिव्यांनंतर त्याच्यात खोटं बोलायचीही ताकद उरली नव्हती.

"नाही. खाल्लं की मला संडासला जावं लागतं. कधीही. बस सोडून कुठे जाणार? म्हणून खात नाही."

कुणी हसलं नाही. मग मधल्या सीटवरून उद्धवराव, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले ऑपरेटर, शांतपणे म्हणाले की असल्या माणसाने अडतीस जणांचा जीव हातात घ्यायला नको होता. त्यांचं चुकत नव्हतं. धम्मरत्नने चावी काढून डॅशबोर्डवर ठेवली आणि स्वतःच दादासाहेबांना फोन लावला. दुसरा ड्रायव्हर यायला पन्नास मिनिटं लागली. तोवर तो खाली, क्रॅश बॅरियरला टेकून उभा राहिला. त्या दिवशी बसमधल्या प्रत्येकाला लेट मार्क लागला.

दादासाहेबांच्या अकरा बस होत्या. ते रागावले नाहीत. गाडी चालवायला हरकत नाही असं डॉक्टरांचं पत्र आण, तोवर घरी थांब, आठ दिवस वाट बघतो, मग मला माणूस ठेवावा लागेल, एवढंच ते म्हणाले. रागावले असते तर त्याला बोलायला तरी काही सापडलं असतं.

ते आठ दिवस रोजच रविवार होता. पहिल्या दिवशी दुधी, दोन चमचे. तो बाथरूमच्या दाराशी पाट टाकून बसून राहिला. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी गाजर. तिसऱ्या दिवशी त्याला वाटलं, दिवस कमी आहेत, असं दोन-दोन चमच्यांनी काय भागणार. त्याने आम्रपालीकडून लाल माठ करून घेतला, वाटीभर, आणि ती नको म्हणत असताना पोळीबरोबर सगळा खाल्ला. तासाभरात पोट आवळून आलं. दुपारभर तो आत-बाहेर करत राहिला, शेवटी फरशीवरच बसला, भिंतीला डोकं लावून, आणि त्याला रडू आलं. ते बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून त्याने नळ सोडला. दाराच्या पलीकडे आम्रपाली बसली होती. नळाचा आवाज तिने बराच वेळ ऐकला.

"उद्या परत दुधीच करते," ती म्हणाली. "दोन चमचेच. तुम्ही घाई करू नका."

त्याने नळ बंद केला.

पुढचे चार दिवस तिने सांगितलं तेवढंच त्याने खाल्लं. दोन चमच्यांचे तीन झाले. भातात तूप आलं. आठव्या दिवशी तो दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, साखर बघितली, वजन बघून मान हलवली, आणि पत्र लिहिलं. गाडी चालवायला हरकत नाही, मात्र उपाशीपोटी चालवू नये आणि वाटेत गाडी थांबवण्याची मुभा असावी. बाहेर येऊन त्याने ते पत्र बाकावर बसून वाचलं. अटींची शेवटची ओळ वेगळी होती, खाली जागा सोडून लिहिलेली. तेवढी पट्टी फाडली असती तर पत्र पुरं दिसलं असतं. त्याने कागद त्या ओळीच्या वर दुमडला, नखाने घडीही केली. मग इंद्रायणीच्या अलीकडचे ते लाल दिवे त्याला आठवले आणि त्याने कागद पुन्हा सरळ केला.

दादासाहेबांनी पत्र दोनदा वाचलं.

"तुझ्या बसची माणसं येऊन गेली माझ्याकडं," ते म्हणाले. "ती क्वालिटीवाली पोरगी अन् आणखी पाच-सहा जण. दहा मिनिटं आधी बस सोडा म्हणतात. वाटेत पंपावर थांबायला."

पहिल्या शिफ्टच्या माणसाला पहाटेची दहा मिनिटं म्हणजे काय, हे धम्मरत्नला ठाऊक होतं. रोज स्टॉपवर अर्धवट मिटल्या डोळ्यांची माणसं तोच तर बघायचा.

"सगळे तयार आहेत?"

"सगळे कशाला असतील? उद्धवराव न्हाई म्हणत होते. बघ चालवून. महिनाभर. तक्रार आली तर मग माझा नाइलाज आहे."

सोमवारी तो पहाटे साडेचारला जेवायला बसला. मऊ भात आणि दोडक्याची भाजी, तीन चमचे. आम्रपाली समोर बसून होती. तीन वर्षांत पहिल्यांदाच तो ड्युटीवर जाण्याआधी जेवत होता. बुटाची नाडी बांधताना गाठ दोनदा सुटली.

पिंपरीच्या स्टॉपवर पाच पंचवीसला माणसं उभी होती. एकाने केस विंचरले नव्हते, एकीच्या हातात चप्पल होती, तिचा पट्टा तुटला होता. उद्धवरावही आले होते. चढताना त्यांनी घड्याळ बघितलं आणि त्याच्याकडे न बघता आत गेले. भोसरीला उरलेले चढले. अंधारात बस मोशीच्या दिशेने निघाली तसं त्याचं सगळं लक्ष पोटाकडे गेलं. प्रत्येक सिग्नलला तो आत कान लावून बसायचा. थोडं गुरगुरलं, थांबलं.

मोशीच्या पुढे पेट्रोल पंप आला. त्याने बस आत घेतली, इंजिन बंद केलं, आणि जागेवरच बसून राहिला. पोटात फारशी कळ नव्हती, पण पुढे तासभर वाट होती आणि जाऊन येणं शहाणपणाचं होतं. मागे सगळे जागे होते. अडतीस माणसांसमोरून उतरून तिकडे चालत जायचं, सगळ्यांना माहीत असताना. दाराच्या बटणावर त्याचा हात तसाच राहिला.

मागून कुणीतरी चालत आलं. जयमालाबाई होत्या. मूळच्या भोसरीच्याच, पन्नाशीच्या, वायरिंगच्या लाइनवर काम करणाऱ्या. रोज सातव्या रांगेत खिडकीशी बसायच्या, पदर डोक्यावर ओढून झोपायच्या. त्याच्याशी त्या कधी दोन शब्दही बोलल्या नव्हत्या.

"दार उघडा," त्या म्हणाल्या.

त्या उतरल्या आणि पंपाच्या मागे, बायकांच्या संडासाकडे भराभर चालत गेल्या. त्यांच्यामागे आणखी एक जण उतरली, मग तिसरी. धम्मरत्न बघत राहिला. मग तोही उतरला, आणि पुरुषांच्या बाजूला गेला.

तो परत आला तेव्हा जयमालाबाई पुढच्या चाकाजवळ उभ्या होत्या, पदराला हात पुसत. दुसऱ्या बायका अजून यायच्या होत्या. वर खिडकीतून उद्धवराव घड्याळ बघत होते.

"सव्वीस वर्सं झाली मला कंपनीत," त्या हळूच म्हणाल्या. "बसमदी बसायच्या आदी घोटभर पानीसुदा पीत न्हाई मी."

त्याने त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या हाताच्या शिरा, गळ्याची हाडं, हे सगळं तो आरशात रोज बघत असल्यासारखं होतं.

"भाजी खाता?" त्याने विचारलं.

"भ्या वाटतं. भात खाते. लई झालं तर बटाटा."

"दोडका खाऊन बघा. शिरा काढून, मऊ शिजवून. दोन चमचेच. मला सोसतो. दुधीपण सोसतो."

त्यांनी मान हलवली, लक्षात ठेवल्यासारखी. दोघी बायका परत आल्या आणि बसमध्ये चढल्या. जयमालाबाईंनी दाराची दांडी धरली, एक पाय पायरीवर ठेवला आणि थांबल्या.

"अन् लाल भोपळा?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "अजून खाल्ला नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "मी खाऊन बघते अन् सांगते."