राजेश्वरीची हत्यारं

माझी धाकटी जाऊ राजेश्वरी इतकी चोखंदळ होती, की तिच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे मला शिक्षाच वाटायची. पाव किलो वांग्यांसाठी ती सगळा ढीग उलथापालथा करायची. कासाराकडे बांगड्या भरायला बसली की बाकीच्या बायका घरी जाऊन स्वयंपाकाला लागायच्या, तरी हिचा हिरवा रंग ठरलेला नसायचा. तिचं माहेर धरणाजवळच्या माकणीचं, माझं बेंबळीचं. धरणाकाठी पाणी मुबलक, म्हणून तुमच्याकडे वेळही मुबलक, असं मी तिला चिडवायची. ती नाक मुरडून म्हणायची, "अक्का, पारखून घेतल्याबिगर चांगलं गावतंय व्हय?"

बाहुल्यांचा नाद तिला रुखवतापासून लागला. नणंदेच्या लग्नात तिनं कागदाच्या लगद्याचे नवरा-नवरी केले होते. पुढं फोनवर तिला सांधे हलणाऱ्या बाहुल्या दिसल्या. त्यांच्या प्रत्येक सांध्यात एक गोळा असतो, तो फिरायला एक वाटी असते आणि आतून डोक्यापासून पायापर्यंत इलास्टिक ओवलेलं असतं. हात वर केला की वरच राहतो, मान वळवली की वळलेलीच राहते. राजेश्वरीनं अशा काही केल्या आणि त्या लोकांना आवडल्याही. पण तिचं समाधान होईना.

"ह्या समद्या खुर्चीवर बसत्यात, अक्का," ती म्हणायची. "मला मांडी घालून बसणारी पायजे. बाई परातीपुढं बसती तशी."

त्यासाठी गुडघ्यात एकाऐवजी दोन गोळे बसवावे लागत होते. ते काम चालू होतं. डोकं झालं होतं, धड झालं होतं, एक पाय जवळपास झाला होता. आणि एके दिवशी वैरण कापताना तिचा उजवा हात कडबाकुट्टीत गेला.

हात वाचला, पण अंगठ्याचं आणि शेजारच्या बोटाचं वरचं पेर गेलं. जखम भरली. ती भाकरी थापायला लागली, धारा काढायला लागली. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर अमरनाथ म्हणाला, देवाची कृपा, थोडक्यात निभावलं. पण तिचं आणखी काहीतरी गेलं होतं आणि ते माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ती कशालाच नको म्हणेना. सणाला साडी पुढं ठेवली, चालंल. भेंडी निबर निघाली, चालंल. घरातले म्हणाले, बाई समजूतदार झाली. मला मात्र तिची भीती वाटायला लागली.

एकदा माळ्यावरून पापडाचा डबा काढताना बाहुलीचं गाठोडं हाताला लागलं. मी विचारलं, "हिचं काय करायचं?"

"द्या कुनाच्या तरी लेकराला खेळाय," ती म्हणाली. "न्हायतर चुलीत घाला."

मला ते लागलं. बाहुली गेली असती तर काय, कागदच तो. पण हे गाठोडं घराबाहेर पडलं की जुनी राजेश्वरी परत येत नाही, अशी माझी खात्रीच झाली होती. मी म्हटलं, "बोटं न्हायत तर हत्यारं घ्यावीत. कारागीर मानसं घेतेतच की. चल कळंबला."

"चला," ती म्हणाली. तेही तिला चालत होतं.

कळंबला आधी बंडप्पाच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. मी कानस मागितली, पॉलिश पेपर मागितला, बारीक पटाशी मागितली. बंडप्पानं काउंटरवर सगळं मांडलं. राजेश्वरीनं एकाही वस्तूला हात लावला नाही.

"ही कानस बरी का ती?" मी तिला विचारलं.

"कोनतीबी चालंल."

बंडप्पा खूश झाला. "जाऊबाई लई गुनाच्या हायत तुमच्या," तो मला म्हणाला. "न्हायतर बायका समदं दुकान खाली काडाय लावतेत."

"गुनाची न्हाय हो," मी म्हटलं. "बिघडली हाय ती."

तिथून सायकलवाल्याकडे गेलो. ओल्या लगद्यात छर्रा दाबला की वाटीचा खड्डा पडतो, एवढं मला तिचं बघून माहीत होतं. लहान-मोठे छर्रे घेतले. माझी दाढ काढणाऱ्या डॉक्टरांनी त्यांची जुनी, वाकड्या टोकांची दोन-तीन हत्यारं दिली. बांगड्यांच्या दुकानात नखांवर ठिपके द्यायच्या गोल टोकाच्या काड्या मिळाल्या. सगळीकडे तिचं एकच उत्तर. शेवटी मी रस्त्याकडेची गंजकी तार उचलली आणि विचारलं, "आन् ह्यानं डोळे कोरता येतील का गं?"

तिनं तारेकडे पाहिलंसुद्धा नाही. "चालंल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बसमध्ये मी तिच्याकडे पाठ करून बसले. तिलाही त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

घरी आल्यावर मी पडवीत पोतं अंथरलं, हत्यारं मांडली आणि गाठोडं सोडलं. राजेश्वरी समोर तुरीची डाळ निवडत बसली. संध्याकाळची कणीक परातीत मळून ठेवलेली होती. मी बाहुलीची मांडी घेतली, पोटरी घेतली, मधला गुडघ्याचा तुकडा बसवून पाहिला. तो बसेना. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण रागात माणसाला सगळं येतं असं वाटतं. मी दाताच्या डॉक्टरांचं हत्यार घेतलं आणि वाटी खरवडायला लागले. कागदाचा भुसा पदरात पडत होता.

"नका," राजेश्वरी म्हणाली.

मला वाटलं, डाळीला तोंड लावणाऱ्या कोंबडीला म्हणाली. मी खरवडत राहिले.

"अक्का, तिथं नका. काठ पातळ हाय. फुटंल."

"मग कुठं?" मी तो पाय तिच्यापुढं धरला.

तिनं सूप बाजूला सारलं. गुडघ्याचा तुकडा डाव्या हातात घेतला, फिरवून पाहिला आणि त्याचा गोळा खालच्या ओठावरून हळूहळू फिरवला.

"काय गं, चाखतीस का?"

"बोटाच्या टोकाला आता कळत न्हाय. व्हटाला कळतंय." ती थांबली, पुन्हा फिरवला. "वाटीत दोस न्हाय. हितं गोळ्यावरच खरखर हाय. पेपर द्या. जाडा नको, बारीक."

मी बारीक पेपर दिला. थोडं घासून झाल्यावर तिनं डॉक्टरांचं हत्यार उचललं. ते तिच्या तोकड्या अंगठ्यातून दोनदा निसटलं. "हे नको. दांडी बारीक हाय, धरवत न्हाय."

"चिंधी गुंडाळू."

"चिंधी सरकती. ट्यूबचं रबर बांधा." मग तिनं कानस पाहिली. "हिचे दात किती मोटे. कागद उकरून काडंल ही. नको." छर्रे तळहातावर घेतले, एक ठेवला, बाकीचे माझ्याकडे ढकलले. ठिपक्यांची काडी उचलली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जशी मीच वेडी. "ही कशापायी आनली?"

"तूच म्हनलीस की चालंल!"

"तवा म्या बगितलंच न्हाय," ती म्हणाली.

एकेक वस्तू माझ्या बाजूला येत गेली. बंडप्पाला हे सगळं परत घे म्हणताना तो कसा तोंड करेल, ते मला दिसत होतं. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. मी पदर डोळ्याला लावला, ते कागदाचा भुसा गेला म्हणून नव्हे.

मग ती एका जागी अडली. मांडी घातली की गुडघ्यामागं कातडीची एक घडी पडते. ती घडी पाडल्याशिवाय पाय खरा दिसत नाही, असं तिचं म्हणणं. आधी अदमास घ्यायला तिनं परातीतली थोडी कणीक तोडली, गुडघ्यामागं लिंपली आणि हत्यारानं रेघ ओढली. रेघ ओरखड्यासारखी दिसली. तिनं कणीक पुसून परत लावली, दुसरं टोक वापरलं. तेही जमेना. मग नकळत तिचा उजवा अंगठा कणकेवर टेकला. पूर्वी अशा घड्या ती अंगठ्याच्या नखानं पाडायची. आता तिथं नख नव्हतं, आणि डावा हात पाय धरण्यात गुंतलेला होता.

ती नुसती बघत बसली. मला वाटलं, संपलं. आता ती उठेल आणि मला पुन्हा चुलीचं नाव सांगेल.

तिनं माझा उजवा हात ओढून घेतला. अंगठा उजेडात धरून पाहिला. राखेनं भांडी घासून नखाचा कोपरा तुटलेला होता. तो हात तिनं सोडून दिला आणि डावा घेतला. त्या नखाच्या कडेवरून ओठ फिरवला. मग माझा अंगठा थोडा तिरपा करून तिनं कणकेत दाबला आणि उचलला. मऊ, बाकदार घडी पडली होती. ती तिनं जवळून पाहिली, लांबून पाहिली.

"डाव्याचं बरं हाय," ती म्हणाली. "पर लई खोल कापलंय. जरा वाढू द्या. आन् आजपासून भांड्याला हात लावू नका, म्या घासते."

"अगं, मोठी जाऊ हाय मी तुझी."

"हालू नका," ती म्हणाली.

मी अंगठा पदराला पुसला आणि परत तिच्या हातात दिला.