एक्सलचे फेरे

“ह्यो एक्सल बसवायचा न्हाई,” हात पुसत बिभीषण मिस्त्री म्हणाला, आणि पुष्पावतीला वाटलं, झालं या गॅरेजवाल्यांचं सुरू.

सकाळपासून ती याचीच वाट बघत होती. पारनेरच्या स्टँडमागच्या या गॅरेजात मिस्त्रीनं जुना एक्सल सुटा करताच तिनं त्याच्या प्रत्येक भागावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. मिस्त्रीनं ते पाहिलं आणि पाना उचलला.

सहा वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हापासून डोंगरकडेच्या वस्त्यांवरचं दूध तीच गोळा करायची. त्या वाटांवर आखूड जीपच वळते. पहिल्याच वर्षी एका गॅरेजवाल्यानं तिचे नवे गिअर काढून झिजलेले घातले होते. बाईमाणूस, हिला काय कळतंय, असं तो मागून म्हणाल्याचंही तिच्या कानावर आलं होतं. मागच्या महिन्यात भरल्या कॅनांसकट चढावर मागच्या एक्सलचा दांडा तुटला. जीप मागं घसरली ती शेताच्या बांधाला अडली, म्हणून ती वाचली. मग तिनं नगरच्या भंगारातून मोठ्या गाडीचा जाड एक्सल उचलला.

“सकाळी तर मापात बसतोय म्हनलात,” ती म्हणाली.

“मापात बसतोय. पर दात येगळं हायेत. पुढची चाकं एका चालीनं पळनार, मागची दुसऱ्या. चिखलात चारी चाकांचा गिअर टाकला की पुढं-मागं ताकद वाटनारी मधली पेटी फुटंल.”

तिनं तिथूनच भंगारवाल्याला फोन लावला. मिस्त्रीला स्वतःचा माल खपवायचाय, असं तो म्हणाला. तिलाही तेच वाटत होतं.

मिस्त्रीनं जुना एक्सल नवा दांडा घालून तात्पुरता जोडला. दोन्ही एक्सल जमिनीवर शेजारी ठेवले. एका बाजूचं चाक तिला घट्ट धरायला लावलं आणि दुसऱ्या बाजूचं चाक तो स्वतः सावकाश दोन वेळा फिरवणार होता. तेवढ्यात इंजिनाकडं जोडायचा मधला दांडा किती फेरे घेतो, ते तिनं मोजायचं. जुन्याचे पाचाच्या वर भरले. नव्याचे चारच्या थोडे पुढं. तिनं पुन्हा फिरवायला लावलं. तिसऱ्यांदाही तेच आलं.

मिस्त्री एवढंच म्हणाला, की हा परत करा आणि दुसरा आणाल तेव्हा तिथंच असे फेरे मोजून घ्या. दूध आणखी थांबू नये म्हणून त्यानं नवा दांडा घातलेला जुनाच एक्सल परत गाडीला बसवायला घेतला. झाकण लावण्याआधी तिनं ठिपके तपासले. एकूण एक जागेवर होते. ती तपासत होती तोवर झडती चाललेल्या माणसासारखा मिस्त्री हात बाजूला धरून उभा होता. त्याच्याकडं बघायचं तिनं टाळलं.

पाचव्या दिवशी ती भंगारवाल्याशी भांडून बदलून घेतलेला एक्सल घेऊन आली. फेरे जुळले. स्प्रिंगचे पाटे बसायच्या जागा वेल्डिंगनं थोड्या सरकवाव्या लागल्या. दुपार कलेपर्यंत एक्सल गाडीखाली गेला. शेवटचा नट राहिला, तेव्हा मिस्त्रीनं लांब पाना तिच्यापुढं धरला.

“ह्यो तुमी आवळा. म्हंजी मनात काय राहनार न्हाई.”

बोलणं तिला लागलं. गोणपाटावर पाठ टेकून ती जीपखाली सरकली आणि अंगातला जोर संपेपर्यंत आवळत राहिली. मिस्त्री तिकडं डिझेलनं हात धूत होता. त्यानं वळूनही पाहिलं नाही.

ती बाहेर आली. संध्याकाळच्या दुधाची वेळ होत आली होती. गाडी सुरू करून निघता आलं असतं. ती पाना घेऊन मिस्त्रीकडं गेली.

“मिस्त्री,” ती म्हणाली, “एकदा तुमी बघता का?”

त्यानं धुतलेले हात पँटीला पुसले, पाना घेतला आणि तो गाडीखाली गेला. नट अजून पाव फेरा फिरला.