दुपारच्या फोटोतली पहाटनिळी

नकाशेवालीनं टेकडीचा फोटो पडद्यावर मोठा केला. सगळा उतार हिरवागार. निळा ठिपका औषधालाही नाही.

याच उताराखाली तिच्या आत्याचं घर. पोरक्या भाचीला तिनं तिथंच लहानाचं मोठं केलं. उजाडताना बघावं तर उतारभर जणू कुणी निळं धुणं वाळत घातलंय. उन्हं चढली की तेच धुणं घडी घालून आत नेलेलं. पहाटनिळीचं फूल उन्हात मिटतं, आणि तिची पानं वरून बघितली तर नुसतं गवत.

मागच्या आठवड्यात ड्रोन उडवलं होतं ते भर दुपारी.

"दुपारीच उडवणार ना!" ड्रोनवाला म्हणाला. "सावल्या लांब पडल्या की तूच माझ्या नावानं शंख करतेस."

खरं होतं. फुलाची वेळ तिला पाठ होती, फोटोची वेळही पाठ होती. दोन्ही एकत्र आठवल्या नाहीत, एवढंच.

"उद्या उजाडताच पुन्हा उडवू या?"

"काय टिपायला? बहर सरला की गं. आता पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी उतार तरी असेल का? रानफुलांचा हा नकाशा खाणवाल्यांकडे जायचा होता. जिथं रंग, तिथं हात लावायचा नाही. जिथं कोरं, तिथं खोदा.

ती साहेबांकडे गेली. साहेब वाईट नव्हते, हीच पंचाईत. वाईट असते तर भांडता तरी आलं असतं.

"मला पटतंय गं," ते म्हणाले. "पण फोटोत नाही ते रंगवलं, तर बाकीच्या नकाशावर कोण विश्वास ठेवील?"

"मी डोळ्यांनी बघितलंय, साहेब."

"डोळे कुठं जोडू अहवालाला?"

"निदान शेरा लिहू?"

"लिही. वाचणार कोण, ते मात्र मला विचारू नकोस."

जागेवर येते तो आत्याचा फोन.

"अगं, तुझं ते भुणभुणं त्या दिवशी येऊन गेलं हो! भांडी घासत होते, तशीच धावले राखेच्या हातांनी. म्हटलं, माझ्या पोरीनं पाठवलंय. आली ना आपली पहाटनिळी नकाशात?"

"आत्या, अगं..."

"कामात आहेस ना? ठेवते बाई. वेळेवर जेव."

तिनं फोटो पुन्हा उघडला. उताराच्या मधोमध एक बारीक ठिपका होता. मोठा केला, तर आत्या. मान वर, एक हात डोळ्यांवर आडवा, आणि दुसरा हात पायांजवळच्या गवताकडे, पुन्हा पुन्हा दाखवल्यासारखा: इथं बघ गं, इथं.

फोटोत माणूस दिसला तर पुसून मगच पुढं पाठवायचा, असा नियम. ड्रोनवाल्यानं मागून वाकून बघितलं आणि तो आपल्या जागेवर परत गेला.

तिनं पायांपासून पुसायला घेतलं. पुसेल तिथं यंत्र आपोआप आजूबाजूचं हिरवं भरत होतं. पदर गेला, मान गेली, डोळ्यांवरचा हात गेला. खाली दाखवणारा हात तिनं शेवटपर्यंत ठेवला.

मग तिथंही गवत आलं.