ग्रहणाची काच नव्हे मी

मित्रांनो, मला पाहून लोकांना आधी वाटतं, ही काच जळलीय. जळलेली नाही. मी एक जुनी, गोल, काळीकुट्ट काच आहे, इन्फ्रारेड फिल्टर. तुमच्या डोळ्यांना दिसणारा उजेड मी जवळजवळ सगळा अडवते आणि न दिसणारा तेवढा सोडते. एवढं साधं काम, पण ते समजावून सांगायला मला तोंड नाही. त्यामुळे माझा जीव कायम खालीवर होत असतो.

कारखान्यात घडले आणि डबीत बसून ऑकलंडला आले. माउंट रॉस्किलच्या निवेदिताने मला हौसेने मागवलं होतं. तिचा कॅमेरा साधा, आतून काही न बदललेला. त्याच्या पोटात माझ्या उलट स्वभावाची एक काच. मी ज्याला वाट देते, नेमकं त्यालाच ती दार लावते! मग फटीतून झिरपेल तेवढ्यावर भागवायचं. निवेदिता ट्रायपॉड लावी, आधी फोकस धरी आणि मग मला बसवी, कारण माझ्यातून तिला काही दिसत नसे. एकेका फोटोला अर्धा मिनिट लागे. तेवढ्यात वारा सुटला की पानांचा नुसता लगदा. ती चिडे, मीही धुसफुसे, पुन्हा पहिल्यापासून. पण जमला की असा फोटो येई म्हणून सांगू! इथल्या पोहुतुकावाच्या झाडाची हिरवी पानं पांढरीशुभ्र, आकाश काळंभोर. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तो लावला, तेव्हा लोक विचारत होते, "ऑकलंडला बर्फ कधी पडला?" मी फुगून गेले.

मग नवा फोन आला. माझं नाव लिहिलेली डबी हरवली आणि मी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये गेले, रबरबँड आणि संपलेल्या सेलांच्या शेजारी.

निवेदिताचे रवींद्रमामा पुण्याहून राहायला आले होते. त्या सकाळी सूर्य उगवला तोच ग्रहण घेऊन. मामांनी काहीतरी शोधताना ड्रॉवर उघडला आणि मला पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"सलोनी, ही बघ ग्रहणाची काच! लहानपणी आम्ही एक्स-रेच्या फिल्ममधून बघायचो."

सलोनी, निवेदिताची आठ वर्षांची लेक, जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून अंगणात धावली. मामांनी मला डोळ्याला लावलं.

"वा! कसा लालसर, मंद दिसतोय. डोळ्याला अगदी गार वाटतंय."

अहो, तेच तर वाईट! उजेड मंद दिसतो म्हणून डोळा निवांत उघडा राहतो आणि न दिसणारी आच माझ्यातून सरळ आत जाते. मी ती अडवू शकत नव्हते. ओरडू शकत नव्हते. निसटून पडावं म्हटलं, तर मामांची पकड घट्ट.

"माय टर्न, माय टर्न!" सलोनी उड्या मारत होती. मामांनी मला तिच्या डोळ्यापाशी नेलं.

"मामा, खाली ठेव ती!" निवेदिता दारातूनच किंचाळली आणि तिने झडप घालून मला हिसकावलं.

"अगं, ओरडतेस काय? काळी काच तर आहे."

त्यांना आत नेऊन तिने जुना कॅमेरा काढला, मला त्यावर चढवलं, टीव्हीचा रिमोट समोर धरून बटण दाबलं. नुसत्या डोळ्यांना रिमोटवर काही दिसेना. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मात्र पांढरा ठिपका लखलखत होता.

मामांनी रिमोटचं बटण स्वतः दाबून पाहिलं. "म्हणजे हे आत जात होतं? आणि मी पोरीला..."

दुपारपर्यंत ते एकेक डोळा झाकून कॅलेंडरवरचे आकडे वाचत राहिले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून इजा नाही म्हटलं, तरी त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. सलोनी त्यांना बिलगून म्हणाली, "आय एम फाइन, मामाआजोबा," तेव्हा त्यांना रडू फुटलं.

मित्रांनो, मला हवं तर कॅमेऱ्यावर लावा, उन्हातल्या झाडासमोर अर्धा मिनिट धरा. पण बिननावाची कुठेही टाकू नका. आणि मला लावून सूर्याकडे कधीच बघू नका. मी काळी आहे, पण मी तुम्हाला वाचवू शकत नाही.