खोलीची शांतता

श्वास पडद्यावर दिसतो. वाक्य सुरू होण्याच्या जरासं आधी, आवाजाच्या सरळ आडव्या रेषेवर तांदळाच्या दाण्याएवढा एक फुगवटा उठतो. मग रेष क्षणभर सपाट होते आणि त्यापुढे शब्दांचे उंच-बुटके डोंगर सुरू होतात. विश्वनाथचा श्वास गेली काही वर्षं असाच दिसत आला होता. आता दाण्याच्या जागी दातेरी पट्टी होती, करवतीच्या पात्यासारखी, आणि ती मध्ये कुठेही न थांबता थेट पहिल्या शब्दाला जाऊन भिडत होती.

शालिनीने ती पट्टी निवडली आणि कापली. रिकाम्या जागी खोलीची शांतता चिकटवली.

शांतता म्हणजे काहीच नसणं, असं तिलाही पूर्वी वाटायचं. पण प्रत्येक खोलीला स्वतःचा बारीक आवाज असतो. भिंतींचा, तारांचा, लांबच्या रहदारीचा. रेकॉर्डिंगमधला नको तो आवाज नुसता कापला, तर तिथे कानाला खड्डा लागतो. म्हणून वाचनाला बसण्याआधी दर वेळी ती दोघं मिनिटभर हालचाल न करता गप्प राहत आणि ती गप्प खोली रेकॉर्ड करून ठेवत. मग त्यातलेच तुकडे ठिगळासारखे वापरायचे.

"झालं का गं?" कपाटातून आवाज आला. "इथे माझं भरीत व्हायला लागलंय."

"या बाहेर. पंखा लावते."

बेडरूममधलं भिंतीतलं कपाट हा त्यांचा स्टुडिओ. मधल्या फळ्या काढून तिन्ही बाजूंना रजया टांगल्या होत्या. आत एक स्टूल, वर माइक, समोर टॅबलेट. दिल्लीच्या थंडीत ठीक असायचं. मे महिन्यात कूलर, पंखा, फ्रिज सगळं बंद करून विश्वनाथ बनियनवर, मानेवर ओला पंचा टाकून आत बसायचा. वरून विमान गेलं की थांबायचा, खाली भाजीवाला ओरडला की थांबायचा. एकदा फ्रिज पुन्हा लावायचा राहिला आणि दूध नासलं, तेव्हा त्याने त्याच कपाटात बसून तिला खलनायकाच्या आवाजात माफी मागितली होती.

तो केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर. वाचनाचं वेड लहानपणापासूनचं. 'पुस्तकं वाचून पोट भरतं का?' असं त्याची आई म्हणायची. लग्नानंतर शालिनी हिवाळ्यात मटार सोलत बसायची आणि तो शेजारी बसून मोठ्याने वाचायचा. एकदा गणेशोत्सवात त्याने एक कथा वाचली आणि कार्यक्रमानंतर अंशुमन त्याच्याकडे आला. पुण्याचा मुलगा, नोएडात पुस्तकं ऐकवणाऱ्या एका कंपनीत कामाला. "काका, तुम्ही हे घरी फुकट करता? याचे पैसे मिळतात."

ऑफिसातून रीतसर परवानगी काढली. शालिनी भौतिकशास्त्रात एम.एस्सी.; बदल्यांमागे फिरता फिरता शाळेतली नोकरी सुटली होती. लाटा, कंपनं, वारंवारिता हे सगळं तिला पुस्तकातून ठाऊक होतं, आता पडद्यावर दिसायला लागलं. तो वाचायचा, ती साफ करायची. पहिल्या पुस्तकाच्या पैशांतून कूलर आला. "आईला सांगायला हवं होतं," विश्वनाथ म्हणाला होता, "पोटाचं माहीत नाही, पण वारा लागतो."

तो कपाटातून बाहेर आला आणि पलंगावर टेकला. श्वास घेताना बारीक शिट्टीसारखं वाजत होतं. पंख्याच्या आवाजातही ते वाजणं वेगळं ऐकू आलं.

"एवढं एकच प्रकरण राहिलं ना?" तिने विचारलं.

"एकच." तो खोकला. "पण चौदावं पुन्हा करू या का? पोस्टमास्तर बायकोशी भांडतो तिथे मी जरा घाईत वाचलंय."

"करू या की," ती लगेच म्हणाली.

कादंबरीतलं चौदावं प्रकरण आधीच दोनदा वाचून झालं होतं.

मार्चमध्ये डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. गाठ स्वरयंत्रात आहे, बाहेरच्या बाजूला पसरायला लागली आहे, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. "जान बच जाएगी, अच्छे चान्सेस हैं. आवाज़ नहीं बचेगी." मग थोडं थांबून, "देर मत कीजिए. किसी दिन साँस अटक गई तो कहाँ भागेंगे?"

विश्वनाथ म्हणाला होता, "सर, थोड़ा काम बाकी है. ख़त्म करके बताता हूँ."

डॉक्टरांनी शालिनीकडे पाहिलं. "मैडम?"

"जैसा ये कहें," ती म्हणाली होती.

येताना टॅक्सीत तो म्हणाला, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "तुमचा गळा आहे, तुम्ही ठरवायचं." तो म्हणाला, "ऐकणारी तूच आहेस की." आणि दोघंही आपापल्या खिडकीतून बाहेर बघत बसली. त्यानंतर कुणीच विषय काढला नाही. पुस्तक झालं की बघू, एवढंच घरात ठरल्यासारखं झालं होतं. आणि पुस्तक काही होत नव्हतं.

सोमवारी अंशुमनचा फोन आला. विश्वनाथ ऑफिसला गेला होता, लेक अश्लेषा डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसली होती.

"काकू, एक छोटासा इश्यू आहे. चॅप्टर नऊपासून पुढचे रिजेक्ट झालेत."

"का? आवाज चांगला नाही आला?"

"नाही नाही, आवाजाला तर काय वजन आलंय काकांच्या! आमच्याकडे सगळे म्हणतात, हा म्हातारा पोस्टमास्तर एकदम खरा वाटतो. प्रॉब्लेम वेगळाच आहे. श्वासच नाहीयेत."

"म्हणजे?"

"वाक्य संपतं, पुढचं सुरू होतं, मध्ये माणूस श्वासच घेत नाही. क्वालिटीवाल्यांना वाटलं, मशीनचा आवाज लावून पाठवलाय. मी म्हटलं, यार, मी या माणसाला ओळखतो! तुम्ही जरा जास्तच साफ केलंय काकू. श्वास परत टाका ना प्लीज. ओरिजिनल असतील ना?"

"आहेत," शालिनी म्हणाली.

मूळ रेकॉर्डिंग ती कधी पुसत नसे. तिने कानाला हेडफोन लावले आणि नववं प्रकरण उघडलं. ते नोव्हेंबरातलं होतं. तेव्हा सगळी दिल्लीच खोकत होती. हवाच तशी होती. शेजारचे, ऑफिसातले, भाजीवाला, सगळ्यांचे घसे बसले होते. 'जरा धूर कमी होऊ दे' असं म्हणत तिने खोकले आणि त्यांच्यात अडकलेले श्वास कापले होते. पुढचं प्रकरण डिसेंबरातलं. तिथे खोकल्यांच्या जोडीला खाकरणं होतं. जानेवारीत श्वासाला खरखर आली होती. तिने तीही कापली होती, इतक्या हलक्या हाताने की कुठे काय होतं ते तिलाच शोधावं लागत होतं. प्रकरणामागून प्रकरण ती ऐकत गेली. वाढत गेलेलं सगळं तिथे क्रमाने होतं. तिच्या कानांवरूनच ते गेलं होतं. तिनेच ते एकेक करून वेचून टाकलं होतं, आणि साफ झालेलं संध्याकाळी दोघांनी मिळून ऐकलं होतं. 'बघ, घसा सुधारतोय माझा,' असं तो म्हणालाही होता.

तिने हेडफोन काढले.

कुठलाच श्वास परत टाकण्यासारखा नव्हता. तिने पहिल्या पुस्तकाची फाइल उघडली, कूलरच्या पैशांची. तिथे ते दाणे होते. गोल, हलके, एकसारखे. तिने त्यातला एक उचलला आणि पोस्टमास्तरच्या वाक्याआधी ठेवला. मग दुसरा. दुपार उलटून गेली तरी ती ते करत होती.

ती स्पीकरवर ऐकून बघत असताना अश्लेषा दारात येऊन उभी राहिली.

"आई, हे काय आहे?"

"काय?"

"बाबा असा श्वास नाही घेत आता." ती आत आली. "तू जुना लावलास?"

शालिनीने स्पीकर बंद केला.

"तुम्ही दोघं काय करताय, यार? मी रात्री त्याच्या खोलीबाहेर उभी राहते, माहितीये? ती शिटी ऐकायला. थांबली की मला भीती वाटते, आणि वाजली की पण भीती वाटते. आणि तू इथे बसून त्याला... क्या बोलते हैं उसको... ते फाटलेल्या कपड्याला लावतात ते."

"ठिगळ."

"हां. ते लावतेस."

"ऑपरेशनचा निर्णय त्यांचा आहे, अशू."

"तो म्हणतो आईचा आहे. मी विचारलं त्याला. म्हणाला, 'तुझी आई एकदा हो म्हणाली की मी लगेच जातो. माझ्या आवाजाची मालकीण ती आहे.' असं हसत बोलला."

अश्लेषा गेली. पडद्यावर शेवटचा चिकटवलेला दाणा तसाच निवडलेला होता.

शनिवारी दुपारी विश्वनाथने ओला पंचा मानेवर टाकला. "आज शेवटचं प्रकरण उरकू या. चौदाव्याचं नंतर बघू." मग तो थबकला. "अंशुमनने काय परत पाठवलं होतं? ऐकव जरा."

तिला नाही म्हणता आलं नाही. तिने नवव्या प्रकरणाची सुरुवात लावली. एक मऊ, भरलेला श्वास आला, आणि त्यामागून घोगरा, खरवडलेला आवाज: पोस्टमास्तर पत्रांवर शिक्के मारत होता.

विश्वनाथने मान वाकडी करून ऐकलं.

"श्वास छान आहे. कुणाचा?"

"तुमचाच."

"कधीचा?"

"पहिल्या पुस्तकातला."

"वाटलंच. पोटभर जेवून निजलेल्या माणसाचा वाटतो." तो हसला, आणि हसताना शिट्टी वाजली. "म्हणजे आता मी नसलो तरी चालेल. श्वास तिथून, शब्द इथून. तू काहीही जोडू शकतेस, शालू."

तिने कॉम्प्युटर बंद केला नाही, पण विश्वनाथकडे बघितलंही नाही. "बसताय ना?"

तो कपाटात जाऊन बसला. तिने पंखा बंद केला, कूलर बंद केला, स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजचं बटण बंद केलं. खिडकी लावली. खोलीत उकाडा एकदम दाटला. कपाटाचं दार नेहमीसारखं थोडं उघडं ठेवून ती समोरच्या खुर्चीवर बसली. आतून त्याने अंगठा वर केला. तिने रेकॉर्डिंग सुरू केलं. लाल ठिपका लागला.

शांततेचं मिनिट सुरू झालं.

या मिनिटात इतक्या वर्षांत ती कधी बोलली नव्हती. शिंक आली तर नाक दाबून धरायची, बांगडी वाजू नये म्हणून हात मांडीवर ठेवायची. तिचा स्वतःचा आवाज त्या फाइलींमध्ये कुठेही नव्हता. कुणी विचारलं तर ती म्हणायची, मी फक्त गप्प राहायचं काम करते.

रेष आडवी चालली होती. पण ती सपाट नव्हती. दातेरी पट्टी उठत होती, उतरत होती, पुन्हा उठत होती. तो ओठ मिटून बसला होता, श्वास अडवायचा प्रयत्न करत होता. मिनिट स्वच्छ यावं म्हणून. मानेची शीर ताणली होती. अर्ध्यावर त्याला ते जमेना. त्याने तोंड उघडलं आणि हवा आत ओढली, आणि ती शिट्टी रजयांमधून, दाराच्या फटीतून खोलीभर पसरली. त्याने अपराधी चेहऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि बोटाने खूण केली. पुन्हा घेऊ या.

पुढे ही खोली कशी असेल ते तिला ठाऊक होतं. त्या शांततेचे कितीतरी तुकडे तिच्याजवळ साठवलेले होते.

तिने रेकॉर्डिंग थांबवलं नाही. लाल ठिपका चालूच होता. तिचा स्वतःचा श्वास पडद्यावर आला, लहानसा, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि त्यामागून तिने सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

"अहो, शेवटचं प्रकरण दुसरं कुणी वाचेल. तुम्ही ऑपरेशन करून घ्या. मी हो म्हणतेय."